वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयीन क्वार्टरबॅकची वाटचाल

गोव्यातल्या पुष्कळ घरांतली मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त अमेरिकेत आहेत. ऑगस्ट संपता संपता तिथला महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलचा मोसम सुरू झाला की त्यांच्या फोनमधून हा खेळ इथल्या आजी-आजोबांपर्यंत आणि मामा-मावशींपर्यंत पोहोचतो. या सदराकडे त्यासंबंधी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच खेळाडूवर, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेल्या क्वार्टरबॅकवर आहे. म्हणून या वेळी त्या एकाच विषयावरची निवडक पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : माझा भाचा ओहायोमध्ये शिकतो. त्याच्या नादाने मीही अधूनमधून सामने पाहतो. एका बाजूचे अकरा जण मैदानात असताना समालोचकांची सारी चर्चा क्वार्टरबॅकभोवतीच का फिरते, हे मात्र उमगत नाही.
एक वाचक, फोंडा

उत्तर : आक्रमण करणाऱ्या संघाला चेंडू दहा यार्ड पुढे नेण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यात दहा यार्ड पार झाले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. अशा टप्प्याटप्प्याने १०० यार्डांचे मैदान ओलांडून चेंडू पलीकडच्या शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाऊनचे ६ गुण मिळतात. मधोमध वाकून उभा असलेला सेंटर आपल्या दोन पायांमधून चेंडू मागे देतो तो बहुतेक वेळा क्वार्टरबॅकच्याच हाती, आणि तो शेजारून धावणाऱ्याला सोपवायचा, स्वतः घेऊन पळायचे की पुढे फेकायचा, हे तिथून पुढे त्याच्याकडे असते. चेंडू पुढे फेकण्याची मुभा या खेळात मुळात नव्हतीच. पहिला महाविद्यालयीन सामना १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला, त्या काळचा खेळ म्हणजे निव्वळ अंगाला अंग भिडवून केलेली रेटारेटी होती. १९०५ च्या मोसमात मैदानावर खेळाडूंचे मृत्यू ओढवले, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी काही विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले, आणि १९०६ पासून पुढे पास देणे नियमात बसले. क्वार्टरबॅकचे आजचे महत्त्व त्या एका नियमातून आले आहे.

एखादा प्रयत्न जवळून पाहिला तर चर्चेचे कारण अधिक स्पष्ट होईल. आधीचा प्रयत्न संपला की ४० सेकंदांचे घड्याळ सुरू होते. बाजूला उभा असलेला प्रशिक्षक पुढची योजना कळवतो. २०२४ पासून महाविद्यालयीन खेळाच्या सर्वोच्च स्तरावर मैदानातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोहोचवता येतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. (त्याआधी चित्रे काढलेले मोठाले फलक आणि हातवारे यांवर हे काम चालत असे, आणि ते पाहणे हीसुद्धा एक करमणूक होती.) उरलेले १५ सेकंद क्वार्टरबॅकचे असतात. समोरच्या बचावातले सर्वांत मागचे दोघे खोलवरच उभे आहेत की त्यांतला एक हळूच पुढे सरकला आहे, हे तो निरखतो. कोणी तरी थेट अंगावर धावून येणार असे त्याने ताडले तर तो ओरडून ठरलेली योजना बदलतो, आणि मिशिगन विद्यापीठाच्या मैदानासारखे १ लाख ७ हजार प्रेक्षक गर्जत असले तरी तो शब्द उरलेल्या दहाही जणांपर्यंत पोहोचावा लागतो. चेंडू हाती आल्यावर त्याच्याजवळ साधारण अडीच ते तीन सेकंद असतात. ज्याच्याकडे पास द्यायचा तो सहकारी पुष्कळदा अजून मागे वळलेलाही नसतो, तेव्हाच चेंडू हातातून सुटावा लागतो, कारण तो सहकारी पुढच्या क्षणी जिथे पोहोचेल तिथे चेंडू आधीच पाठवलेला असावा लागतो. समालोचक दंडाच्या ताकदीविषयी बोलतात तेवढे या तीन सेकंदांविषयी बोलत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

प्रश्न : जो बरो हा खेळाडू एका विद्यापीठात तीन वर्षे राखीव म्हणून बसला आणि दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर देशातला सर्वोत्तम ठरला, असे वाचनात आले. तीन वर्षे रोज सराव पाहणाऱ्या प्रशिक्षकांना त्याची गुणवत्ता दिसली नाही, असे समजायचे काय? मुले तिथे विद्यापीठे बदलतात तरी कशी?
निवृत्त क्रीडाशिक्षक, म्हापसा

उत्तर : आपण आयुष्यभर संघ निवडले असणार, तेव्हा मूळ अडचण आपल्याला लगेच पटेल. ब्रह्मानंद शंखवाळकर गोव्याच्या गोलात उभे राहत त्या काळात दुसऱ्या गोलरक्षकाने कितीही मेहनत केली तरी त्याला जागा मिळणे कठीण होते, कारण जागाच एक होती. क्वार्टरबॅकचे तसेच आहे. धावणारे, पास झेलणारे, बचाव करणारे आलटून पालटून मैदानात येतात, पण क्वार्टरबॅक जखमी झाला नाही किंवा सामन्याचा निकाल आधीच लागला नाही तर सहसा बदलत नाही. मोठ्या विद्यापीठाच्या संघात आता १०५ मुलांपर्यंत नोंदणी करता येते. त्यांत तीन-चार किंवा अधिकही क्वार्टरबॅक असतात, आणि ते सगळे आपापल्या शाळेत सर्वांत मोठे नाव असलेले असतात. म्हणून त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना कोण किती चांगला, याआधी कोणाच्या पुढे कोण उभा होता, हे पाहावे लागते.

नियम असा की विद्यापीठात प्रवेश घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत चार मोसम खेळता येतात. पहिले वर्ष बहुधा सरावात घालवले जाते. त्याला रेडशर्ट म्हणतात, आणि २०१८ पासून त्या वर्षी चार सामन्यांपर्यंत मैदानात उतरले तरी तो मोसम खर्ची पडत नाही. जो बरो २०१५ मध्ये ओहायो स्टेटमध्ये दाखल झाला आणि पहिले वर्ष त्याने असेच काढले. पुढची दोन वर्षे तो राखीव होता. २०१७ च्या मोसमापूर्वी सरावात त्याचा हात मोडला आणि तेवढ्या अवधीत ड्वेन हॅस्किन्स हा त्याच्याहून धाकटा खेळाडू पुढे निघून गेला. प्रशिक्षकांनी केलेली निवड चुकीची होती असे म्हणता येत नाही, कारण २०१८ च्या मोसमात याच हॅस्किन्सने ५० टचडाऊन पास दिले. बरोने मात्र तीन वर्षांत पदवी पूर्ण केली होती, आणि त्याच्या गोष्टीतला हा भाग लोक सहसा गाळतात. त्या काळी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावे लागे, पण पदवीधराला नव्या विद्यापीठाकडून लगेच खेळता येत असे. पदवीमुळे त्याचे एक वर्ष वाचले आणि २०१८ मध्ये तो लुइझियाना स्टेटकडून, म्हणजे एलएसयूकडून, मैदानात उतरला.

तिथले त्याचे पहिले वर्ष बरे, पण डोळ्यांत भरावे असे नव्हते. त्या मोसमात त्याचे १६ टचडाऊन पास झाले. दुसऱ्या वर्षी, २०१९ मध्ये, संघात पास देण्यावर भर असलेली नवी आक्रमण पद्धत आली, पास झेलणारेही उत्तम होते, आणि त्याच खेळाडूने ६० टचडाऊन पास आणि ५,६७१ यार्ड अशी कामगिरी केली. संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकला, सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइझमन करंडक त्याला मिळाला, १३ जानेवारी २०२० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेमसनचा ४२-२५ असा पराभव करून त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू घेण्याच्या वार्षिक निवडीत, सिनसिनाटीने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. दोन मोसमांमध्ये एवढा फरक एकट्या खेळाडूच्या प्रगतीने पडत नाही. आक्रमणाची पद्धत, भोवतीचे सहकारी आणि प्रशिक्षक यांचा त्यात वाटा असतो, आणि क्वार्टरबॅकचे आकडे वाचताना तो वाटा वेगळा काढता येत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

दुसरे उदाहरण जेलन हर्ट्सचे आहे, आणि मला ते बरोपेक्षाही अधिक बोलके वाटते. २०१६ मध्ये अलाबामासारख्या बलाढ्य संघात तो पहिल्याच वर्षी मुख्य क्वार्टरबॅक झाला. जानेवारी २०१८ मध्ये अटलांटात राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना झाला, तोवर दोन मोसमांत त्याचा संघ अवघे दोन सामने हरला होता. त्या सामन्यात मध्यंतराला जॉर्जिया १३-० असा पुढे होता. प्रशिक्षक निक सेबन यांनी मध्यंतरानंतर हर्ट्सला बसवून टुआ टागोवैलोआ या पहिल्या वर्षाच्या मुलाला उतरवले आणि त्या मुलाने जादा वेळेत ४१ यार्डांचा टचडाऊन पास देऊन सामना २६-२३ असा जिंकून दिला. हर्ट्स बाजूला उभा राहून आनंद साजरा करत होता. पुढच्या मोसमात जागा टुआची झाली. हर्ट्सने मात्र लगेच विद्यापीठ सोडले नाही. १ डिसेंबर २०१८ रोजी त्याच अटलांटात, त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाला तेव्हा हर्ट्स चौथ्या सत्रात आत आला. त्या वेळी संघ पिछाडीवर होता. त्याने एक टचडाऊन पास देऊन आणि एक टचडाऊन स्वतः धावत करून सामना ३५-२८ असा जिंकून दिला. मग पदवी घेऊन तो ओक्लाहोमाला गेला. २०१९ च्या हाइझमनच्या मतदानात तो बरोच्या खालोखाल दुसरा आला, ड्राफ्टमध्ये ५३ वा निवडला गेला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाने सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला तेव्हा सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

आता विद्यापीठ बदलणे फार सोपे झाले आहे. ऑक्टोबर २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल ही नोंदणी व्यवस्था आली, २०२१ मध्ये एकदा बदलल्यास वर्षभर बसण्याची अट गेली, आणि २०२४ मध्ये अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्यांसाठी कितीही वेळा बदलण्याची वाट मोकळी झाली. मुलांच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे, कारण प्रशिक्षक अधिक पगारावर हवे तेव्हा दुसरीकडे जात असत आणि मुलांनी तेवढे वर्षभर बसून राहायचे, यात काही अर्थ नव्हता. तरीही चार वर्षांत तीन विद्यापीठे बदलणाऱ्या मुलाच्या पदवीचे काय होते, हा प्रश्न राहतोच. दर वेळी काही विषयांचे गुण नव्या ठिकाणी ग्राह्य धरले जात नाहीत आणि ते नुकसान कोणत्याही गुणफलकावर दिसत नाही.

प्रश्न : या खेळाडूंना विद्यापीठे पगार देतात काय?
महाविद्यालयीन विद्यार्थी, पणजी

उत्तर : शतकभर उत्तर ठामपणे ‘नाही’ असे होते. शिकवणीचे शुल्क, राहणे, जेवण आणि पुस्तके एवढ्यापुरती शिष्यवृत्ती मिळे, त्यापलीकडे काही घेतले तर बंदी येत असे. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून विद्यापीठांकडे अमाप पैसा येत होता आणि प्रशिक्षकांचे वेतन लाखो डॉलरमध्ये होते, तरीही हे चालले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःचे नाव आणि प्रतिमा वापरू देऊन जाहिरातींतून कमावण्याची परवानगी मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठेही थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा होती. त्यातला सर्वांत मोठा हिस्सा फुटबॉलकडे आणि फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅककडे जातो. आपण तिथे शिकायला जाण्याच्या विचारात असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी : विद्यार्थी व्हिसावर असलेल्या परदेशी खेळाडूंना काम करून कमावण्यावर कडक बंधने आहेत, त्यामुळे या नव्या पैशाचा लाभ त्यांना सहजासहजी घेता येत नाही.

प्रश्न : माझ्या भावाचा मुलगा न्यू जर्सीमध्ये शाळेच्या संघात क्वार्टरबॅक आहे. भाऊ म्हणतो मुलगा पुढे व्यावसायिक खेळाडू होईल, वहिनीला अभ्यास बुडण्याची आणि मार लागण्याची धास्ती आहे. आमची आई इथे बसून देवाला गाऱ्हाणे घालते. कोणाचे ऐकावे?
एक गृहिणी, डिचोली

उत्तर : सध्या तरी वहिनींचे ऐकावे, पण मुलाला खेळूही द्यावे. आपल्याकडे चांगला खेळणारा मुलगा गावच्या स्पर्धांतून धेंपो, साळगावकर किंवा चर्चिल ब्रदर्ससारख्या क्लबच्या नजरेत येत असे आणि त्याचे महाविद्यालय झाले काय, न झाले काय, क्लबला फरक पडत नसे. अमेरिकेत हा मार्ग नाही. एनएफएलच्या संघांना आपले कनिष्ठ संघ नसतात, आणि शाळा संपल्यावर तीन वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये नाव देता येत नाही, त्यामुळे विद्यापीठाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. विद्यापीठात सर्वोच्च स्तरावर खेळायचे तर शाळेत ठरावीक १६ विषयांचे अभ्यासक्रम पूर्ण करून किमान गुणांची सरासरी राखावी लागते, म्हणजे अभ्यास बुडवून हा खेळ पुढे नेताच येत नाही. आपल्या भाच्याला हे वहिनींनी सांगण्यापेक्षा त्याच्या प्रशिक्षकाने सांगितले तर अधिक लागू पडेल.

महाविद्यालयीन खेळाची नियामक संघटना एनसीएए हिच्या स्वतःच्या अंदाजानुसार विद्यापीठात फुटबॉल खेळणाऱ्या शंभरांपैकी दोघेही व्यावसायिक होत नाहीत. शाळेतून विद्यापीठापर्यंत पोहोचताना झालेली गळती याआधीची आहे. आपल्या भावाने हा आकडा घरातल्या भिंतीवर लावावा असे मी म्हणणार नाही, पण त्याला तो ठाऊक असावा.

दुखापतीचे उत्तर गोड करून देता येणार नाही. सरावात क्वार्टरबॅकला वेगळ्या रंगाची जर्सी घालतात आणि त्याला कोणी पाडायचे नाही असा दंडक असतो. सामन्यात चेंडू फेकून झाल्यावर त्याच्या अंगावर आदळले तर १५ यार्डांची शिक्षा आहे, आणि डोक्याला लक्ष्य करणाऱ्याला महाविद्यालयीन सामन्यात २०१३ पासून बाहेर काढले जाते. तरीही बरोच्या डाव्या गुडघ्याचे अस्थिबंध पहिल्याच व्यावसायिक मोसमात तुटले. टागोवैलोआचे कंबरेचे हाड महाविद्यालयात असतानाच निखळले होते, आणि पुढे त्याला डोक्याला मार बसून पुन्हा पुन्हा बाहेर बसावे लागले. मोडलेला हात किंवा शिवलेला गुडघा भरून येतो, पण डोक्यावर वारंवार बसणाऱ्या धक्क्यांचा परिणाम अनेक वर्षांनी उमटू शकतो, आणि त्यातला सर्वांत गंभीर मेंदूविकार तर मृत्यूनंतरच्या तपासणीतच निश्चित होतो. म्हणून वहिनींनी एकच गोष्ट लावून धरावी : डोक्याला धक्का बसल्यावर डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत मुलगा मैदानात जाणार नाही, सामना कितीही महत्त्वाचा असो.

प्रश्न : हाइझमन करंडक मिळवणारे काही क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये का चालत नाहीत?
एक वाचक, मडगाव

उत्तर : टिम टिबो याला २००७ मध्ये, महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षीच, तो करंडक मिळाला. फ्लोरिडाने २००६ आणि २००८ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली तेव्हा तो संघात होता, तरी त्याची एनएफएलमधली कारकीर्द तीन मोसमांत आटोपली. जॉनी मॅनझिएल २०१२ मध्ये खेळण्याच्या पहिल्याच मोसमात हा करंडक जिंकणारा पहिला खेळाडू ठरला आणि व्यावसायिक खेळात दोन मोसम टिकला. उलट टॉम ब्रेडी मिशिगनमध्ये पहिली वर्षे राखीव होता. शेवटच्या वर्षीही त्याला जागेसाठी झगडावे लागले, २००० च्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव १९९ व्या क्रमांकावर पुकारले गेले, आणि पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. ब्रॉक पर्डी आयोवा स्टेटमध्ये जवळजवळ चार वर्षे मुख्य क्वार्टरबॅक होता. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये तो सर्वांत शेवटचा, २६२ वा निवडला गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुपर बोलमध्ये संघाचे नेतृत्व करत होता. निवडीच्या क्रमाचा अर्थ पैशांत पाहायचा तर बरोचा पहिला चार वर्षांचा करार सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलरचा होता, पर्डीचा सुमारे ३७ लाखांचा.

कारण खेळाच्या घडणीत आहे. महाविद्यालयात बलाढ्य संघाचा क्वार्टरबॅक वर्षातले निम्मे सामने आपल्याहून दुबळ्या बचावाविरुद्ध खेळतो. पास झेलणारा मोकळाच सापडतो, आणि नाहीच सापडला तर पायांच्या जोरावर सुटता येते. व्यावसायिक बचावपटू सगळेच त्याच्या वेगाचे असतात, त्यामुळे तिथे पायांची मदत कमी होते आणि त्या तीन सेकंदांतला निर्णयच कामी येतो. ब्रेडीला ४० यार्ड धावायला ५.२८ सेकंद लागले होते, त्या दर्जाच्या खेळाडूंत हा वेग हसण्यावारी नेण्यासारखा होता. निवड करणाऱ्यांनी घड्याळाने मोजता येते ते मोजले, आणि मोजता न येणाऱ्या गोष्टीसाठी त्यांच्याकडे आजही भरवशाचे माप नाही.

प्रश्न : हा खेळ गोव्यात मुलींना खेळता येण्यासारखा आहे काय?
विद्यार्थिनी, साखळी

उत्तर : पूर्ण पोशाखातला, हेल्मेट आणि खांद्यांच्या चिलखताचा खेळ इथे परवडणे कठीण आहे. त्याचे सुटसुटीत रूप असलेला फ्लॅग फुटबॉल मात्र जरूर खेळता येईल. त्यात पाडापाडी नसते, कमरेला लावलेली पट्टी खेचली की धावणारा थांबतो. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू असतात, आणि शेवटचे पट्टे धरून मैदान ७० यार्ड लांब आणि २५ यार्ड रुंद असते, म्हणजे नेहमीच्या फुटबॉल मैदानात अशी दोन मैदाने सहज मावतात. क्वार्टरबॅक इथेही आहे आणि त्याला सात सेकंदांत पास द्यावा लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात क्रिकेटबरोबरच या खेळालाही २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी मान्यता मिळाली, आणि त्यात पुरुषांबरोबर महिलांचीही स्पर्धा आहे. आपल्या विद्यालयातल्या क्रीडाशिक्षकांशी बोलून पाहावे. लंबगोल चेंडू मिळवला आणि कमरेच्या पट्ट्या शिवून घेतल्या की सुरुवात करता येते.